मुख्य कोचच्या शेजारची खुर्ची: अमेरिकी कॉलेज व्हॉलीबॉलमधली असिस्टंट कोच नेमकं करते काय?

३० ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरातल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमच्या मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट अंथरलं होतं. सामना दोन विद्यापीठांच्या मुलींचा, नेब्रास्का विरुद्ध ओमाहा. बघायला आलेली माणसं ९२,००३. आपलं वानखेडे जवळजवळ तीनदा भरावं लागेल एवढी.

त्या रात्रीचे फोटो जगभर फिरले. कोणत्याही मोठ्या सामन्याच्या फोटोत नजर आधी उडी मारणाऱ्या मुलीवर जाते, मग हात बांधून उभ्या असलेल्या मुख्य कोचवर. त्याच्या शेजारच्या खुर्च्यांकडे कोणी बघत नाही. तिथे मांडीवर कागद, कानाशी पेन, डोळे समोरच्या संघावर, अशी दोन-तीन माणसं बसलेली असतात. या असिस्टंट कोच. आपल्याकडे 'असिस्टंट' म्हटलं की चेंडूंची जाळी उचलणारा, शिट्टी विसरली तर धावत आणून देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत भाची किंवा पुतणी हे काम करते असं कळलं, तर नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "बरं, पण नोकरी कुठे करते?"

हीच तिची नोकरी. ती समजायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

कॉलेजच्या खेळाला एवढं वजन आलं कुठून?

व्हॉलीबॉल मुळात अमेरिकेचाच. १८९५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या होलियोक इथे वायएमसीएचे विल्यम मॉर्गन यांनी तो तयार केला. बास्केटबॉल ज्यांना झेपत नाही अशा मध्यमवयीन गृहस्थांसाठी जरा सौम्य खेळ हवा होता. पहिलं नाव होतं मिंटोनेट. आजचा एखादा स्मॅश पाहिला असता तर मॉर्गनसाहेबांनी 'सौम्य' हा शब्द मागे घेतला असता.

तरी कॉलेजातल्या मुलींच्या व्हॉलीबॉलला पैसा आणि मान मिळाला तो एका कायद्यामुळे. २३ जून १९७२ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या शिक्षणविषयक कायद्यात 'टायटल नाइन' नावाचं कलम आहे. मूळ इंग्रजीत त्याचं मुख्य वाक्य अवघ्या ३७ शब्दांचं. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढाच त्याचा आशय. खेळाचा त्यात उल्लेखही नाही. पण कॉलेजांमध्ये खेळ हा शिक्षणाचाच भाग मानला जात असल्यामुळे कायद्याचा हात थेट मैदानापर्यंत पोचला.

मग हिशेब सुरू झाला. तिथल्या मोठ्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या संघाला ८५ मुलांपर्यंत शिष्यवृत्त्या देता येत होत्या. मुलींसाठी तेवढा मोठा कोणताच खेळ नाही. घरात थोरल्याला मोटारसायकल घेऊन दिली की धाकटीला निदान चांगली सायकल तरी द्यावीच लागते, तसं मुलींच्या अनेक खेळांना पूर्ण शिष्यवृत्त्या, पगारी कोच आणि प्रवासखर्च द्यावा लागला. व्हॉलीबॉलच्या वाट्याला १२ शिष्यवृत्त्या आल्या, आणि त्याही अखंड. एकीची फोड करून दोघींत वाटायची सोय नव्हती. म्हणजे प्रत्येक जागा चार वर्षांच्या संपूर्ण शिक्षणाच्या किमतीची. निवड चुकली तर ती चूक चार वर्षं डोळ्यांसमोर बसून राहायची. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

कॉलेजांमधल्या खेळाचं नियमन करणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे एनसीएए. तिने मुलींच्या व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९८१मध्ये सुरू केली. कॉलेजांच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत पैसा आणि टीव्ही, तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती अजिबात नाही. या लेखात मुख्यतः पहिल्या श्रेणीबद्दल बोलू, कारण ही नोकरी तिथेच पूर्ण वाढलेल्या रूपात दिसते.

चार खुर्च्या

पहिल्या श्रेणीतल्या संघाकडे सध्या एक मुख्य कोच आणि तीन असिस्टंट असू शकतात. पूर्वी दोनच पगारी असिस्टंट असत आणि तिसरा 'स्वयंसेवक'. स्वयंसेवक म्हणजे काम तेवढंच, पगार शून्य. शिबिरांमध्ये लहान मुलींना शिकवून जे मिळेल त्यावर गुजराण. ही बिनपगारी खुर्ची १ जुलै २०२३पासून बंद झाली, आणि अशा स्वयंसेवक कोचांनी आपल्या बुडालेल्या पगारासाठी न्यायालयाची दारंही ठोठावली. ठोठावायलाच हवी होती. कोट्यवधी डॉलरची उलाढाल असलेल्या खात्यात एका माणसाला फुकट राबवायचं आणि त्याला 'अनुभव' म्हणायचं, ही युक्ती आपल्यालाही अनोळखी नाही.

या तिघी, किंवा तिघे, कामं वाटून घेतात. एक जण सेटरवर काम करते. सेटर म्हणजे गावच्या मैदानावर आपण जिला लिफ्टर म्हणतो ती, दुसरा स्पर्श करून चेंडू उचलून देणारी. दुसरीकडे बचाव आणि सर्व्हिस घेण्याचं काम, म्हणजे लिबेरो तिच्या हाताखाली. लिबेरो ही वेगळ्या रंगाचा शर्ट घालणारी, फक्त मागच्या रांगेत खेळणारी बचावपटू. तिसरी ब्लॉक बघते, म्हणजे नेटपाशी हात वर करून समोरचा स्मॅश अडवणं. याशिवाय नव्या खेळाडूंचा शोध घेण्याची सूत्रं तिघींपैकी एकीकडे असतात. अनुभवी असिस्टंटला 'असोसिएट हेड कोच' असं बिरुद मिळतं. वाड्यातल्या थोरल्या कारभाऱ्यासारखं ते पद: मालक गावाला गेले तर किल्ल्या हिच्याकडे.

शुक्रवारच्या सामन्याआधी

आता असं समजा, की शुक्रवारी सामना आहे आणि समोरच्या संघाचा अभ्यास तुमच्याकडे आलाय.

मंडईतल्या जुन्या भाजीवालीला विचारा. कोणतं गिऱ्हाईक भाव न विचारता घेणार, कोण शेवटी कोथिंबीर फुकट मागणार, हे तिला माणूस लांबून दिसताच कळतं. असिस्टंट कोचला हेच करायचं असतं, फक्त गिऱ्हाइकाशी कधी बोलायला मिळत नाही. समोरच्या संघाचे आधीचे सामने व्हिडिओवर बघायचे आणि सवयी वेचून काढायच्या.

इथे व्हॉलीबॉलचा एक नियम समजून घ्यावा लागेल. कोर्टवर सहा जणी, तीन नेटपाशी आणि तीन मागे. समोरच्यांच्या सर्व्हिसवर गुण जिंकून सर्व्हिस आपल्याकडे आली, की सगळ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक घर सरकतात. मागच्या रांगेतली मुलगी नेटपासून तीन मीटरवर आखलेल्या रेषेच्या पुढे येऊन नेटच्या वरचा चेंडू मारू शकत नाही. त्यामुळे सेटर पुढच्या रांगेत असेल तेव्हा नेटपाशी हल्ला करणाऱ्या दोघीच उरतात, आणि ती मागे असेल तेव्हा तिघी. म्हणजे तोच संघ सहा वेळा वेगळा होतो. एका मांडणीत वाघ, दुसरीत शेळी. असिस्टंटच्या मांडीवरच्या कागदावर सहा चौकोन असतात ते याचसाठी. तिसऱ्या चौकोनात हा संघ अडकतो, दोन-दोन मिनिटं बाहेर पडत नाही, हे तिला ठाऊक असतं.

मग सवयी. पास, म्हणजे सर्व्हिस घेऊन सेटरकडे पाठवलेला पहिला चेंडू, नेमका हातात आला तर ही सेटर चेंडू कुठे देते? पास वाईट आला, तिला पळत जाऊन चेंडू उचलावा लागला, तर कुठे देते? वाईट पासवर बहुतेक सेटर डावीकडच्या मुलीकडे उंच चेंडू टाकतात. तो सगळ्यांत सुरक्षित, म्हणूनच सगळ्यांत ओळखता येणारा. म्हणजे आपल्याला हवं काय? त्यांचा पास वाईट यायला हवा. म्हणजे सर्व्हिस नेमकी कोणाच्या अंगावर टाकायची हे ठरवायला हवं. धागा उलटा उसवत नेला की असं एक टोक हाती लागतं.

त्यासाठी प्रत्येक पासला गुण दिले जातात, शून्य ते तीन. तीन म्हणजे सेटरला सगळे पर्याय खुले, शून्य म्हणजे गुणच गेला. हल्ल्याचं गणित आणखी साधं आहे. समजा एका मुलीने ३० वेळा चेंडू मारला, त्यातून १० गुण आले आणि ४ वेळा तो बाहेर गेला किंवा ब्लॉक झाला. दहातून चार वजा, सहा. सहाला तीसने भागा: ०.२००. दहा गुणांच्या टाळ्या प्रेक्षक वाजवतात, असिस्टंट कोच चार चुकांकडे बघत असते.

हे सगळं नोंदवायला मोठ्या संघांमध्ये डेटा व्हॉली नावाचं, इटलीत तयार झालेलं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात प्रत्येक स्पर्श छोट्या संकेताक्षरांत टाइप करायचा, तोही सामना चालू असताना. सरावलेल्या माणसाचे हात बघितले तर जुन्या कोर्टातला लघुलेखक आठवतो. पण खरं कौशल्य त्यापुढचं. शेकडो आकड्यांतून तीन वाक्यं काढायची. मुलींच्या डोक्यात सामन्याच्या धामधुमीत तीनच गोष्टी राहतात, चौथी सांगितली की पहिली गळते. आणि वेळही मोजका: नियमानुसार हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासच काम घेता येतं, सामने धरून. आठवड्यातून एक दिवस सुट्टी सक्तीची. कोचला मात्र तासांची मर्यादा नाही, त्यामुळे वाचवलेले सगळे तास तिच्या रात्रीतून येतात.

सामना सुरू झाल्यावर सर्व्हिस करणाऱ्या मुलीकडे बघा. ती क्षणभर बाकाकडे नजर टाकते. तिथे कोणीतरी पाटीमागे बोटं दाखवत असतं: एक ते सहा, म्हणजे कोर्टच्या कोणत्या भागात सर्व्हिस टाकायची तो आकडा. ती बोटं बऱ्याचदा असिस्टंटची असतात.

बदली खेळाडूंचा हिशेबही तिला डोक्यात ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय सामन्यात एका सेटमध्ये सहा बदल करता येतात, कॉलेजातल्या मुलींच्या सामन्यात पंधरा. त्यामुळे इथे फक्त सर्व्हिसपुरती येणारी, फक्त बचावापुरती येणारी अशा मुली असतात, आणि त्या प्रत्येकीला तयार करणारं कोणीतरी लागतं.

स्थळं बघण्याचा हंगाम

डिसेंबरमध्ये ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा संपली की बाहेरच्यांना वाटतं, आता आराम. असिस्टंटचं दुसरं काम तेव्हा रंगात येतं: खेळाडू मिळवणं.

हे काम मराठी माणसाला समजावायला एकच उपमा पुरे, जुन्या पद्धतीचं लग्न जमवणं. आधी लांबून बघायचं. मध्यस्थाकडे चौकशी करायची. मग पत्रिका, मग घर दाखवणं, मग आईवडिलांशी बोलणी, आणि शेवटी मुलीने नकार दिला की हसून चहा संपवायचा.

अमेरिकेत शाळकरी मुली शाळेव्यतिरिक्त क्लबांकडून खेळतात. क्लबांच्या मोठ्या स्पर्धा प्रदर्शनं भरतात तसल्या अवाढव्य सभागृहांत होतात, एका छताखाली डझनावारी कोर्टं, शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ. ऑर्लँडोत उन्हाळ्यात भरणारी राष्ट्रीय स्पर्धा ही त्यातली मोठी जत्रा. तिथे कॉलेजांच्या असिस्टंट कोच आपापल्या विद्यापीठाचा शर्ट घालून कोर्टाच्या कडेला बसतात. बोलायला मात्र बंदी! मुलीची दहावी संपल्यावर येणाऱ्या १५ जूनपर्यंत कोच तिच्याशी खेळाडू म्हणून घेण्याविषयी संपर्क साधू शकत नाही. त्यामुळे तो शर्टच निरोप असतो. तुमच्या मुलीच्या सामन्याला कोणत्या रंगाचे शर्ट किती वेळ बसले होते, याची चर्चा पालकांमध्ये आठवडाभर चालते. मधल्या काळात मध्यस्थ कोण? क्लबचा कोच. त्याच्याशी संबंध राखणं हे असिस्टंटच्या कामाचं निम्मं भांडवल.

१५ जूनच्या पहाटे, म्हणजे १४ तारखेची मध्यरात्र उलटताच, मुलींचे फोन वाजायला लागतात. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून त्यांना विद्यापीठाच्या खर्चाने भेटीला बोलावता येतं. हे 'घर दाखवणं'.

बघायचं काय? उंची आणि उडी कोणालाही दिसते. चांगली असिस्टंट बघते ते वेगळं: चूक झाल्यावर मुलगी पुढच्या चेंडूपर्यंत सावरते की नाही, बाहेर बसवल्यावर चेहरा कसा होतो, सामना हरल्यावर आईशी कशी बोलते. बारा अखंड शिष्यवृत्त्यांचा हिशेब आठवा. एका चुकीच्या निवडीची किंमत मोठी असल्यामुळेच ही माणसं वर्षातले कितीतरी शनिवार-रविवार विमानतळांवर काढतात.

ऑक्टोबर २०१८पासून यात आणखी एक गुंता आला आहे. कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक ऑनलाइन यादी सुरू झाली, तिला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. पूर्वी कॉलेज बदललं की काही खेळांत वर्षभर बाहेर बसावं लागे, २०२१पासून तीही अट सैल झाली. म्हणजे आता लग्न जमलं तरी काम संपत नाही. मुलगी दर वर्षी नव्याने राजी हवी. सोळा वर्षांच्या मुलीच्या घरच्यांशी बोलणं ही एक कला, आणि वीस वर्षांची, दोन वर्षं कुठेतरी खेळून नाराज झालेली मुलगी नेमकी कशाने नाराज झाली हे आठवड्याभरात ओळखणं ही दुसरी.

मग ही माणसं तयार कुठे होतात?

आपल्याकडे कोच व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा माहितीचा रस्ता. अमेरिकेत असा एकच सरकारी शिक्का नाही. पदवी लागते, आणि त्यापुढे हातावर काम दिसावं लागतं. बहुतेक जणी स्वतः कॉलेजात खेळलेल्या असतात, पण सगळ्या नाही. पहिली पायरी बहुतेकदा 'ग्रॅज्युएट असिस्टंट' ही: पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, फी माफ आणि थोडं विद्यावेतन, बदल्यात व्हिडिओ कापायचे, आकडे नोंदवायचे, सरावात चेंडू मारून द्यायचे. कोणी बस, हॉटेल, जेवण बघणारी संचालिका म्हणून शिरते, कोणी निव्वळ व्हिडिओच्या कामातून. सोबत संध्याकाळी क्लबातल्या चौदा वर्षांच्या मुलींना शिकवायचं. माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. कॉलेजातली मुलगी कोचची चूक सांभाळून घेते, चौदा वर्षांची मुलगी सरळ जांभई देते.

नोकऱ्यांचा बाजार भरतो तो डिसेंबरात. १९८१मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन व्हॉलीबॉल कोचेस असोसिएशनचं वार्षिक अधिवेशन राष्ट्रीय अंतिम फेरी असते त्याच शहरात भरतं. व्यासपीठावर व्याख्यानं चालू असतात आणि हॉटेलच्या लॉबीत कॉफीच्या कपांवर मुलाखती.

"असिस्टंट म्हणजे हाताखालचा. त्यात करिअर कसलं?"

हा आक्षेप घेणाऱ्यांनी २२ डिसेंबर २०२४ची राष्ट्रीय अंतिम लढत बघावी. पेन स्टेटने लुईव्हिलला ३-१ असं हरवलं. दोन्हीकडच्या मुख्य कोच बायका होत्या, आणि दोघींचीही वाट असिस्टंटच्या खुर्चीवरून गेलेली.

पेन स्टेटच्या केटी शूमाकर-कॉली यांचा रस्ता तर आपल्या नोकरदार मनाला बुचकळ्यात टाकणारा. १९९९मध्ये पेन स्टेटने पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्या संघात त्या खेळाडू होत्या. पुढे शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात आणि मग पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्या मुख्य कोच झाल्या. आणि २०१८मध्ये? मुख्य कोचची जागा सोडून त्या आपल्या जुन्या कॉलेजात असिस्टंट म्हणून परतल्या. हेडमास्तरीण बाईंनी पुन्हा वर्गशिक्षिका व्हावं तसं. त्यांचे गुरू रस रोझ तेव्हा तिथे मुख्य कोच होते. ४३ हंगाम, सात राष्ट्रीय विजेतेपदं आणि १,३३० विजय नावावर असलेला माणूस. रोझ २०२१च्या हंगामानंतर निवृत्त झाले, खुर्ची शूमाकर-कॉली यांच्याकडे आली, आणि तिसऱ्याच हंगामात, स्वतः कर्करोगाचे उपचार घेत असताना, त्या विजेत्या ठरल्या. मोठ्या घरातली दुसरी खुर्ची कधीकधी लहान घरातल्या पहिलीपेक्षा पुढची असते.

समोरच्या बाजूला डॅनी बुसबूम केली. नेब्रास्काकडून खेळताना २००६मध्ये विजेतेपद, तिथेच असिस्टंट असताना २०१५मध्ये दुसरं. मग लुईव्हिलच्या मुख्य कोच, आणि त्या संघाला २०२२ आणि २०२४मध्ये अंतिम लढतीपर्यंत नेलं. जानेवारी २०२५मध्ये नेब्रास्काचे जॉन कुक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी बोलावणं आलं ते त्यांच्या याच जुन्या असिस्टंटला. खुद्द कुकही त्या जागेवर येण्याआधी नेब्रास्कात असिस्टंट होते, आणि तेही मधली काही वर्षं विस्कॉन्सिनमध्ये मुख्य कोच राहून परत आलेले.

आणि मुख्य कोच व्हायची घाईच नाही, असंही असू शकतं. टेक्सास विद्यापीठात अनेक वर्षं सहायक म्हणून काम केलेले एरिक सलिव्हन २०२५मध्ये थेट अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाचे मुख्य कोच झाले. तोवर ऑलिंपिक खेळलेला हा माणूस दुसऱ्या खुर्चीत समाधानाने बसलेला होता. सेटरला घडवण्यात ज्याचं मन रमतं त्याला देणगीदारांच्या जेवणावळी, पत्रकार परिषदा आणि अंदाजपत्रकं कशाला हवीत? मुख्य कोचच्या दिवसातला मोठा भाग त्यातच जातो.

"मुलींचा खेळ, मग कोच एवढे पुरुष का?"

१९८१ ते २०२३, या स्पर्धेत एकही विजेता संघ बाईच्या हाताखालचा नव्हता. २०२४चा निकाल पहिला. त्यामागची गोष्ट थोडी कडवट आहे. १९७२पूर्वी मुलींच्या कॉलेज संघांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त कोच बायकाच होत्या, बऱ्याचदा नाममात्र मानधनावर. टायटल नाइनमुळे पगार आले, आणि पगार आले तसे पुरुष आले. मुलींचे क्रीडा विभाग मुलांच्या विभागात विलीन झाले आणि नेमणुका करणारे हातही बदलले. २०१४पर्यंत मुलींच्या संघांवरच्या स्त्री-कोचचं प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आलं होतं. व्हॉलीबॉलमध्ये आणखी एक कारण: मुलांचे कॉलेज संघ मुळातच थोडे. खेळून बाहेर पडलेल्या पुरुषाला कोच व्हायचं असेल तर नोकऱ्या मुलींच्याच संघांत.

असिस्टंटच्या वयात, म्हणजे पंचविशी ते पस्तिशीत, बायका हा धंदा सोडतात याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. ऑगस्ट ते डिसेंबर सामने, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत क्लबांच्या स्पर्धा, मग शिबिरं. तान्हं मूल घेऊन बसने आठ तासांचा प्रवास करून बघा म्हणजे कळेल. काही विद्यापीठं आता मूल आणि सांभाळणारी व्यक्ती यांचा प्रवासखर्च देतात. जिथे देतात तिथे बायका टिकतात.

पगार, आणि दुसऱ्याच्या नोकरीवर टांगलेली नोकरी

पगाराचा एक आकडा सांगणं म्हणजे 'महाराष्ट्रात घर केवढ्याला मिळतं' याचं एका वाक्यात उत्तर देणं. मोठ्या, टीव्हीवर दिसणाऱ्या संघात असिस्टंटला वर्षाला लाखभर डॉलर किंवा त्याहून जास्त मिळू शकतात. छोट्या कॉलेजात तीच पदवी लावून ती सोबत वर्ग शिकवते, वसतिगृह सांभाळते, क्लबात संध्याकाळ घालवते.

पगारापेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट ही, की ही नोकरी बहुतेकदा दुसऱ्याच्या नोकरीला बांधलेली असते. मुख्य कोचला काढलं की नवा येणारा आपली माणसं घेऊन येतो. तुमच्या सेटरने त्या वर्षी कमाल केली असेल, तुम्ही आणलेल्या मुली सर्वोत्तम असतील, तरी डिसेंबरमध्ये खोकी भरावी लागू शकतात. मंत्री गेला की त्याच्या स्वीय सहायकाचं टेबल जातं, तसंच. उलट मुख्य कोचला मोठ्या कॉलेजाने बोलावलं तर आठवड्याभरात तुम्हीही दुसऱ्या राज्यात. घर विकत घ्यायचं की भाड्याने राहायचं, हा या माणसांच्या संसारातला कायमचा वाद.

म्हणूनच जाणत्या असिस्टंट नोकरी निवडताना कॉलेजपेक्षा मुख्य कोचकडे आधी बघतात. त्याच्या करारात किती वर्षं उरली आहेत, आणि त्याच्या हाताखालचे किती जण पुढे स्वतः मुख्य कोच झाले.

आता पैसा थेट मुलींच्या हातात

६ जून २०२५ला एका फेडरल न्यायाधीशाने एनसीएएविरुद्धच्या मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्या १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळे खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची बंधनं जाऊन संघाच्या आकारावर मर्यादा आली. ही व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉल संघात १८ जणी.

असिस्टंटसाठी याचा अर्थ काय? बारा शिष्यवृत्त्यांचं जुनं गणित मोडलं. पैशांचा मोठा घास फुटबॉल आणि मुलांचं बास्केटबॉल घेणार. उरलेल्यात व्हॉलीबॉलला किती, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणजे घर दाखवायला आलेल्या मुलीच्या वडिलांनी 'तुम्ही देणार किती?' असं विचारलं तर उत्तर तयार हवं. त्यातच अमेरिकेत मुलींचं व्यावसायिक व्हॉलीबॉल आता मूळ धरतंय. जानेवारी २०२४मध्ये एक लीग सुरू झाली, जानेवारी २०२५मध्ये दुसरी. त्यांनाही कोच लागतात, आणि ते कुठून येणार हे उघड आहे.

आपल्याकडची मुलगी तिथे पोचू शकते का?

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, बे एरियात वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलींसाठी रस्ता इतरांसारखाच आहे. फरक फक्त जेवणाच्या टेबलावरच्या चर्चेचा.

इथून जाणाऱ्या मुलीचं वेगळं. विद्यापीठीय स्पर्धा खेळलेली, आकड्यांची आवड असलेली मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी तिथे गेली, तर विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा त्या चौकटीत बसू शकते. पुढे पूर्णवेळ नोकरी मिळाली तर विद्यापीठांना एच-१बी व्हिसाच्या वार्षिक संख्यामर्यादेतून सूट आहे, हा मोठा फायदा. अर्थात व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, जाण्याआधी ताजे वाचावेत.

स्मॅश कितीही जोरदार असला तरी अर्जात तो दाखवता येत नाही. दाखवता येतं ते काम. आपल्याच विभागीय स्पर्धेतले चार सामने मोबाइलवर चित्रित करा, प्रत्येक पासला शून्य ते तीन गुण द्या, सहा चौकोनांचा कागद भरा, आणि दोन पानांत लिहा: हा संघ कोणत्या मांडणीत अडकतो आणि सर्व्हिस कोणावर टाकावी. डिसेंबर-जानेवारीत, जागा रिकाम्या होत असताना, ही दोन पानं मुख्य कोचला न पाठवता त्याच्या शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला पाठवा. अर्ज चाळायचं काम बहुतेक तिच्याचकडे असतं.